हजेरीपटावर नसलेली आत्या

मला तिचा हेवा वाटायचा, हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे वाचताना तुम्हाला प्रश्न पडेल, की ही बाई मैत्रिणीचं कौतुक करता करता मध्येच चिमटे का काढते आहे. तर त्याचं कारण हे. तिच्याबद्दल चांगलं बोलायला लागले की माझ्या पोटात दुखायला लागतं, आणि वाईट बोलायला गेले की काही सापडत नाही. म्हणजे सापडतं, पण ते सांगितलं की ऐकणारे हसतात आणि म्हणतात, "काय मस्त मुलगी असेल हो!"

तिचं खरं नाव सांगत नाही. तसंही ते ठाऊक होतं हजेरीपटाला, प्राध्यापकांना आणि फादरांना. बाकी अख्खा कॅम्पस तिला आत्या म्हणायचा. वर्गातल्या मुली म्हणायच्या, गेटवरचे वॉचमन म्हणायचे, आणि तिच्या दुप्पट वयाच्या झाडणाऱ्या मावशीसुद्धा लांबून "अगं ए आत्या" अशी हाक मारायच्या. वय वर्षं एकोणीस. हे नाव पडलं पहिल्याच आठवड्यात. हॉस्टेलमध्ये एक मुलगी घरच्या आठवणीनं रडत होती, जेवायला येईना. सगळ्या जणी तिची समजूत घालत बसल्या होत्या. ही ताट वाढून घेऊन गेली आणि म्हणाली, "रड ना. रडू नको कोण म्हणतं? पण जेवून रड. उपाशीपोटी नीट रडता येत नाही." ती मुलगी हसली, जेवली, आणि मग म्हणे खरोखरच पुन्हा थोडं रडली. दुसऱ्या दिवशीपासून ही सगळ्यांची आत्या झाली.

आमचं कॉलेज फादर लोकांचं. जुनी दगडी इमारत, मध्ये चॅपल, मागे आंब्याची झाडं आणि झाडांच्या पलीकडे, तिथेच आयुष्यभर शिकवून तिथेच गेलेल्या फादरांच्या कबरी. आम्ही असतानाच कॉलेजचं विद्यापीठ झालं, म्हणजे गेटवरची पाटी मोठी झाली आणि भरायचे फॉर्म वाढले. मूल्यं मात्र आधीपासूनच होती. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला दहा मिनिटं गप्प बसायचं, या आठवड्यात आपण कुणाला दुखावलं ते आठवायचं आणि एका वहीत लिहायचं. त्या वहीला ग्रेड असायची. मला कायम सगळ्यात वरची मिळायची. मी वहीत फार सुंदर पश्चात्ताप करत असे.

आत्यानं एका शुक्रवारी लिहिलं, "आज काही आठवत नाही. मुलींना विचारून सांगते." सर ते वाचून इतके हसले, की त्यांनी ते वर्गात वाचून दाखवलं. माझा दीड पानाचा पश्चात्ताप कधी कुणी वाचून दाखवला नाही. आणि ती खरंच विचारत फिरली! मधल्या सुट्टीत माझ्या बाकाशी येऊन उभी राहिली. "तुला मी या आठवड्यात काही लागेल असं बोलले का गं?" मी नाही म्हटलं. खरं तर बोलली होती. माझ्या नव्या सँडलकडे बघून, "छान आहेत, पण चालता येतं का त्यांत?" असं म्हणाली होती. ते मी तीन दिवस डोक्यात ठेवलं होतं.

मी खडकवासल्याच्या अलीकडच्या एका गावातली. गाव आता नावापुरतंच. ते महापालिकेत गेलं, वडिलांनी शेताचा मोठा तुकडा बिल्डरला दिला आणि उरलेल्या जागेत भाड्याच्या खोल्या बांधल्या. आईनं हट्टानं एक म्हैस मात्र ठेवली. माझं इंग्रजी चांगलं व्हावं म्हणून वडिलांनी मला या कॉलेजात घातलं. चुलते म्हणाले, "पोरीला चर्चात घातली व्हय?" वडील म्हणाले, "कॉलेजात घातली." विषय तिथेच संपला. मी मात्र मनाशी ठरवलं होतं, की इथे आलोच आहोत तर चारचौघींत उठून दिसलं पाहिजे.

आणि झालं काय, तर पहिल्याच महिन्यात फजिती. वर्षाच्या सुरुवातीची मिस्सा, म्हणजे चॅपलमधली मोठी प्रार्थना होती, सगळ्यांनी यायचं होतं. हातात गीतांचा कागद दिला होता, त्यात मिस्सेचा क्रम छापला होता आणि शेवटाकडे लिहिलं होतं, ख्रिस्तप्रसाद. प्रसाद म्हटल्यावर मला काही शंका उरली नाही. रांग लागली, मीही लागले. फादरांनी माझ्या तळहातावर एक पातळ पांढरी चकती ठेवली, काहीतरी म्हणाले, मी मान डोलावली. बाकीचे तिथल्या तिथे तोंडात टाकत होते. मला वाटलं, काय हावरे लोक आहेत! प्रसाद घरी न्यायचा असतो, आधी आईच्या हातावर ठेवायचा असतो, असं मला शिकवलेलं. मी ओढणीच्या टोकाला गाठ मारली आणि जागेवर येऊन हात जोडून बसले.

मिस्सा संपल्यावर कुणीतरी माझं कोपर धरलं. तोवर आम्ही दोघी एकमेकींशी बोललोही नव्हतो. तिनं मला चॅपलच्या मागच्या दाराशी नेलं.

"गाठीत काय आहे?"

"प्रसाद. आईला."

मला वाटलं, आता ही हसेल, नाहीतर ओरडेल. तिनं दोन्ही केलं नाही. "ते घरी न्यायचं नसतं गं," म्हणाली. "आमच्यात तो साधा प्रसाद नसतो, साक्षात ख्रिस्त असतो. निवांत सांगेन कधीतरी. आत्ता मला दे." मी गाठ सोडली. तिनं दोन्ही हात पुढे केले, ती चकती घेतली, डोळे मिटले आणि खाऊन टाकली. मग ओढणीचं टोक हातात घेऊन चुरा राहिला नाही ना, हे दोनदा पाहिलं. आणि एकदम नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आईला चिक्की ने. माझ्याकडे आहे."

ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही. तीन वर्षांत एकदाही नाही, गमतीनंसुद्धा नाही. दुसरी एखादी असती तर तिचे उपकार मानून मोकळी झाली असती. माझं मात्र त्या दिवसापासूनच बिनसलं. माझं अडाणीपण जगात एकट्या तिनं पाहिलं होतं, आणि ती ते पाहून विसरूनही गेली होती. मला विसरता येत नव्हतं.

ती अभ्यासाला लायब्ररीत बसत नसे, कबरींमध्ये बसायची. सतरंजी, पाण्याची बाटली आणि कुणाकुणाचे परत न केलेले पेन घेऊन. तिथल्या प्रत्येक फादरांची तिला माहिती. "हे गणिताचे, ते पलीकडचे लॅटिनचे. कोपऱ्यातले एकदम कडक होते म्हणे, त्यांच्याजवळ बसलं की झोप येत नाही." परीक्षा जवळ आली की ती कोपऱ्यात सरकायची. तरी संख्याशास्त्रात तिची दांडी उडायचीच, तिथे कडक फादरांचाही इलाज चालला नाही.

गायनवृंदातही होती. आवाज असा, की पहिल्या ओळीला कबुतरं उडायची. सिस्टर बिचाऱ्या मवाळ, एकदा म्हणाल्या, "तू नुसते ओठ हलवत जा." ही म्हणाली, "सिस्टर, देवाला नुसत्या ओठांवरून कळतं का?" आणि तशीच गात राहिली. सिस्टरांनी तिला काढलं नाही. मी सुरात गात असूनही मला ख्रिसमसच्या कार्यक्रमात मागच्या ओळीत उभं केलं होतं, कारण मी उंच. ती बुटकी, म्हणून पुढे.

महिन्यातून एकदा ती कन्फेशनला, म्हणजे फादरांना आपली पापं सांगायला जायची आणि तिथून निघाली की थेट कॅन्टीनमध्ये. सांगून झालं की भूक लागते, असं तिचं म्हणणं. मी एकदा विचारलं, "असं काय सांगतेस एवढं?"

"तेच तेच. आळस, उशीर, लोकांचे डबे." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्याकडे ही सोय नाही ना गं? मग तुम्ही काय करता? सगळं घेऊन फिरता?"

तिच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती. मी म्हटलं, "आम्ही पापच करत नाही."

"हां, मग बरं आहे," म्हणाली आणि माझा वडापाव अर्धा तोडून घेतला.

लोकांचे डबे हे तिचं खरंच पाप होतं. विचारायची पद्धत नाही, उघडायचा आणि खायचा. माझ्या डब्यातली भाकरी आणि ठेचा तिला विशेष प्रिय. मी घरी तक्रार केली, तर आईनं दुसऱ्या दिवसापासून दोन भाकऱ्या जास्त द्यायला सुरुवात केली. तक्रारीचा असा निकाल लागेल असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी हॉस्टेलच्या पाण्याच्या टाकीचं काम निघालं आणि चार दिवस हॉस्टेल बंद झालं. आत्याचं घर राहुरीकडे, जाऊन येण्यातच दोन दिवस जाणार. वर्गातल्या पाचसहा जणींनी तिला आपापल्या घरी बोलावलं. कर्वेनगरच्या एकीनं तर स्वतंत्र खोलीचं आमिष दाखवलं. मी बोलावलं नव्हतं. तर ही सगळ्यांसमोर म्हणाली, "मी हिच्याकडे जाते. हिच्याकडे म्हैस आहे."

वर्गात तोवर कुणाला माहीत नव्हतं, की आमच्याकडे म्हैस आहे. डबा खाताना मी ते एकट्या तिला बोलून गेले होते.

ती आली. आमची म्हैस परक्या माणसाला जवळ फिरकू देत नाही. मलाही देत नाही, पण ते जाऊ द्या. आत्या गेली, तिच्या पाठीवर थाप मारली, तिच्याशी काय बोलली देव जाणे, आणि बादली घेऊन बसली. आई दारात उभी राहून बघत होती. "पोरीच्या हाताला गुन हाय," म्हणाली. मग माझ्याकडे हात करून, "आमच्या हिला नुसता शेनाचा वास येतो." दोघी हसल्या. मी आत जाऊन इंग्रजी पुस्तक उघडून बसले.

तिसऱ्या दिवशी मी न्हाणीतून बाहेर आले, तर दोघी चुलीपुढे बसलेल्या. आई सांगत होती, की लहानपणी ती शाळेत पळण्यात पहिली यायची. तालुक्याला गेली होती, तिथेही पहिली आली. पुढच्या वर्षी जिल्ह्याला जायचं होतं, पण लग्न ठरलं. "तवापासनं पळालेच न्हाई," आई म्हणाली आणि हसली. असं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. आत्या म्हणाली, "मावशी, मग उद्या सकाळी धरणापर्यंत पळू की आपण!"

ती गेल्यावर मी आईला विचारलं, "मला कधी सांगितलं नाहीस ते?"

"तू कवा इचारलंस?" आई म्हणाली आणि भांडी घासायला बसली.

मला राग आला, तो आईपेक्षा आत्याचाच. त्यानंतर दर आठवड्याला आईचं ठरलेलं. "ती पोर कशी हाय? नीट जेवती का? परत कवा येनार हाय?" माझ्या परीक्षेत काय झालं, हे वडील विचारत. आई आत्याचं विचारत असे.

आता वातीचं सांगते. आमच्याकडे निरोपसमारंभाची एक जुनी रीत होती. चॅपलसमोर माणसाच्या उंचीची पितळी समई ठेवायची आणि तिची पहिली वात शेवटच्या वर्षातल्या एका विद्यार्थ्यानं लावायची. ती कुणी लावायची हे प्राध्यापक ठरवत नसत. कॅन्टीनवाले, माळी, वॉचमन, शिपाई, झाडणाऱ्या मावशी ठरवत. एक लाकडी पेटी त्यांच्यात फिरायची, प्रत्येकानं नाव लिहून एक चिठ्ठी टाकायची. लिहिता येत नसेल त्यानं दुसऱ्याकडून लिहून घ्यायची. अख्ख्या वर्षात त्यांना कुणी काही विचारायचं ते हे एवढंच. आणि वात लावणाऱ्याचे आईवडील त्या दिवशी पहिल्या रांगेत, फादरांच्या शेजारी बसत.

मला ती वात हवी होती. पहिल्या वर्षीच एका मुलीला लावताना पाहिलं, तेव्हापासून हवी होती. तीन वर्षं मी शनिवारी वस्तीत शिकवायला गेले. वॉचमनना रोज नमस्कार केला. कॅन्टीनच्या मामांना त्यांच्या मुलीच्या प्रवेशाचा फॉर्म भरून दिला. मनापासून केलं का? निम्मं मनापासून केलं. पण निम्मं तरी केलं की नाही! आत्या काय करायची? कॅन्टीनच्या ओट्यावर पाय हलवत बसायची, लसूण सोलायची आणि गप्पा हाणायची.

आणि आईला मी एकदाही कॉलेजात आणलं नव्हतं. म्हणजे ती येतच नव्हती. "म्या तितं येऊन काय करू?" वात मिळाली तर तिला यावंच लागलं असतं. पहिल्या रांगेत बसून तिनं समोर बघितलं असतं, आणि समोर मी असते. बाकी कुणी नाही. मला एवढंच हवं होतं, आणि हे काही फार नव्हतं असं मला आजही वाटतं.

त्या वर्षी जुने मुख्य फादर बदलून गेले होते आणि नवे आले होते, केरळचे. माणूस फार सज्जन. मराठी बोलायला शिकत होते, पण हस्ताक्षर वाचता येत नव्हतं. मी ऑफिसात पडेल ती मदत करायची, म्हणून चिठ्ठ्या उघडायच्या दुपारी त्यांनी मलाच बोलावलं. "तू वाच. मी लिहितो."

"फादर, मी शेवटच्या वर्षालाच आहे," मी म्हटलं. हे मी म्हटलं, एवढी नोंद माझ्या बाजूनं असू द्या.

"माझा तुझ्यावर विश्वास आहे," ते मराठीत म्हणाले. बहुधा हे वाक्य ते आदल्याच आठवड्यात शिकले असावेत.

पहिली चिठ्ठी उघडली, आत्या. दुसरी, माझं नाव. तिसरी, आत्या. चौथ्या चिठ्ठीवर हळदीचा डाग होता आणि पेन्सिलीनं वाकडंतिकडं लिहिलं होतं, आत्या. पाचवीवरही तेच. एकोणीस चिठ्ठ्यांपैकी बारा आत्या, पाच माझ्या, दोन इतरांच्या. त्या लोकांना तिचं दुसरं नाव माहीतच नव्हतं.

फादरांनी पेन खाली ठेवलं. "आत्या म्हणजे वडिलांची बहीण, बरोबर?"

"बरोबर, फादर."

"मग ही कोण?" टेबलाच्या काचेखाली शेवटच्या वर्षाची यादी होती. तिच्यावर त्यांनी बोट ठेवलं. "इथे आहे?"

मी वाकून यादी पाहिली, वरपासून खालपर्यंत, शोधत असल्यासारखी. तिचं लांबलचक नाव खालून तिसरं होतं. मी सरळ झाले.

"या नावाची कुणी विद्यार्थिनी नाही, फादर."

यातला एक शब्द खोटा आहे का सांगा. नाही. हजेरीपट आणून कुणीही ताडून बघावं. फादर हळहळले. "बिचाऱ्यांना नियम समजला नाही. माझी चूक. पुढच्या वर्षी नीट सांगू." त्यांनी त्या बारा चिठ्ठ्या उचलून बाजूला ठेवल्या. मला त्या वेळी बोलता आलं असतं. भरपूर वेळ होता. मी पंख्याकडे बघत बसले.

समारंभाला आई आली. हिरवी साडी नेसली होती, आणि फादरांच्या शेजारच्या खुर्चीत अगदी टोकाला बसली होती. माझं नाव पुकारलं, मी समईशी गेले, काडी ओढली, वात लावली. टाळ्या झाल्या. आणि त्या टाळ्यांमध्ये मागून एक शिट्टी ऐकू आली, दोन बोटं तोंडात घालून मारलेली, रानात गुरं वळवताना मारतात तशी. अशी शिट्टी कॅम्पसवर एकटीला यायची. मी समोर बघितलं. आई खुर्चीत पार मागे वळली होती, आणि तोंडभर हसत तिला हात करत होती.

घरी जाताना आई बसमध्ये म्हणाली, "लई चांगलं झालं." आणि थोड्या वेळानं, "गेटाशी बोलली तवा त्या पोरीच्या गळ्याला काय झालं हुतं गं? बसल्यागत वाटत हुता."

मी म्हटलं, झालं. मिळायचं ते मिळालं, आता हे प्रकरण विसरायचं. पण दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये मामांनी माझ्यापुढे चहा ठेवला तो माझ्याकडे न बघता. त्यांचा राग माझ्यावर नव्हता. त्यांना वाटत होतं, आपल्यातल्याच कुणीतरी दगा दिला. बारा जण शपथेवर सांगत होते, की आम्ही आत्याचंच नाव टाकलं. मग गेली कुठे बारा मतं? प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. मामा म्हणाले, "पुढच्या वर्षी पेटी इकडं आणूच नका म्हणावं. आमच्यात भांडणं लावायला कशाला पायजे पेटी?"

पाचव्या दिवशी कॅन्टीनमधल्या पोळ्यांच्या मावशींनी मला बाजूला बोलावलं. त्यांना लिहिता येत नाही. त्यांनी चिठ्ठी लायब्ररीतल्या शिपाईदादांकडून लिहून घेतली होती. दोघं वीस वर्षं एकत्र जेवत आले होते, आणि आता मावशी त्यांच्याशी बोलत नव्हत्या. "त्यानं माज्या चिठ्ठीत दुसरंच नाव लिवलं असंल का गं?" मावशींनी मला विचारलं. "तू हुशार हायेस, तू सांग. मला काय वाचता येत न्हाई, त्यानं लिवलं ते म्या टाकलं."

हळदीचा डाग असलेली चिठ्ठी माझ्या डोळ्यांपुढे आली. मी "माहीत नाही, मावशी" म्हटलं आणि सरळ कबरींकडे गेले.

आत्याला सांगायचं ठरवलं, ते काही मोठ्या मनानं नव्हे. मला वाटलं, तिच्याकडून आपण स्वस्तात सुटू. ती म्हणेल, हॅट, वेडे, आणि संपेल. ती कोपऱ्यातल्या कडक फादरांजवळ संख्याशास्त्र पुढ्यात घेऊन मीठ लावलेली कैरी खात होती. मी सगळं सांगितलं, यादीपासून पंख्यापर्यंत. तिचं चावणं थांबलं. तिनं पुस्तक मिटलं. तीन वर्षांत तिला चिडलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

"पाच दिवस झाले," ती म्हणाली. "पाच दिवस मावशी दादांशी बोलत नाहीये. आणि तुला माहीत होतं?"

"तुझी वात मी..."

"वातीचं काय घेऊन बसलीस? मी लावली असती तर हात भाजून घेतला असता. त्यांची वर्षातून एक चिठ्ठी असते गं. एकच!" मग म्हणाली, "मला कशाला सांगतेस? मी काय चिठ्ठी टाकली होती? जा, तिकडे सांग."

"फादरांना सांगते."

"त्यांना नंतर. ते माफच करतील. आधी जे करणार नाहीत त्यांच्याकडे जा."

"तू चल ना बरोबर."

"मी आले तर सगळे माझ्याकडेच बघतील," ती म्हणाली. "तुझं सांगायचं राहून जाईल."

यात तोरा नव्हता. कुणी आज गुरुवार आहे म्हणावं तसं म्हणाली. अशा वाक्याचासुद्धा हेवा वाटू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

दुपारची गर्दी ओसरली होती. मी ओट्यासमोर उभी राहिले आणि एका दमात सांगितलं. माझ्या वहीतला एकही सुंदर शब्द आठवला नाही. मामांनी गॅस बंद केला.

"किती होत्या?"

"बारा."

"एकोणीसमधल्या?"

"हो."

मावशी कणकेचे हात तसेच घेऊन बाहेर पडल्या आणि लायब्ररीच्या दिशेनं चालायला लागल्या. तेवढ्यात गेटवरचा एक वॉचमन आला, माळी आले. मामा प्रत्येकाला एवढंच सांगत होते, "बारा. बरोबर टाकल्या होत्या सगळ्यांनी." मी वाट बघत होते, की आता कुणीतरी मला बोलेल, ओरडेल. माझी तयारी होती. पण माझ्यासाठी कुणाला वेळच नव्हता. मावशी दादांना हाताला धरून घेऊन आल्या. दादांच्या बाहीला सगळी कणीक लागली होती, आणि दोघांचेही डोळे ओले होते.

"त्या आत्याला आणा रे," मामा म्हणाले.

माळी जाऊन तिला घेऊन आले. केसांत पेन खोचलेलं, हातात उरलेली कैरी. मामांनी मोठ्या शेगडीवर चहाचं पातेलं चढवलं, गॅसचा कॉक उघडला आणि लायटर तिच्या हातात दिला. "पेटव."

"मामा, मला गॅसची भीती वाटते!"

"पेटव गं!" मावशी म्हणाल्या. मग सगळेच म्हणायला लागले. तिनं तोंड फिरवून, हात लांब करून लायटर दाबला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा भक्कन जाळ झाला, ती किंचाळून मागे उडाली आणि वॉचमनच्या पायावर पडली. काय हसले सगळे! टाळ्या वाजवल्या, कुणी पोळ्यांचं लाटणं ताटावर बडवलं.

चहा मलाही मिळाला. मामांनी कप माझ्या हातात दिला, या वेळी माझ्याकडे बघून. तिथे मला लाज वाटायला हवी होती. वाटली, खोटं बोलत नाही, पण ती जरा उशिरा वाटली. आधी काय वाटलं ते सांगते. पितळी समई, फादरांचा आशीर्वाद, पहिल्या रांगेत आई, हे सगळं मला मिळून चुकलं होतं. आणि मी कॅन्टीनच्या दारात कप धरून त्या काळ्या पडलेल्या शेगडीकडे बघत होते, आणि मनात एकच होतं, की मला एकदा तरी कुणीतरी असं "पेटव गं" म्हणायला हवं होतं.